चौथा कंडेन्सर

जुन्या जालन्यात एका गल्लीच्या तोंडाशी चाचांचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी भरून द्यायचं त्यांचं काम. मोटार भरणं म्हणजे आतली करपलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नव्या तारेचे शेकडो वेढे हातानं घालायचे. आमच्या भागात वीज आली खरी, पण पुऱ्या दाबानं कधी आली नाही, त्यामुळे विहिरींवरच्या मोटारी जळतच असायच्या. माझे वडील घनसावंगीहून जीपच्या टपावर मोटार बांधून जालन्याला यायचे आणि शाळेला सुट्टी असली की मीही त्यांच्याबरोबर असायची. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं.

चाचा तेव्हा तिशीतले असतील. नवी तार उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरून ते डोळे मिटून सरकवत न्यायचे आणि मध्येच थांबायचे. "इथं खरचटली हाय." वडील चष्मा लावून ती जागा बघायचे. त्यांना काही दिसायचं नाही, मला तर नाहीच. चाचा तेवढा तुकडा कापून टाकायचे. तारेवरचा पातळ रंग एका जागी जरी गेला तरी मोटार महिन्याभरात पुन्हा जळते, हे त्यांनी मला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. "ह्ये काम डोळ्याचं न्हाई, बेटा, बोटाचं हाय. ही दोन बोटं गेली तर मी दुकान बंद करून घरी बसंन."

पुढे मी फिजिक्स शिकले आणि जालन्यातच एका कॉलेजात शिकवायला लागले. चाचांच्या तोंडी मी 'बेटा'ची 'म्याडम' झाले. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू? माझा स्वभाव तापट आहे. कोणी अडवलेलं मला खपत नाही, आणि 'मला माहीत नाही' एवढं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वर्गात उभं राहायची सवय लागली की ते दुखणं वाढतच जातं.

पीएच.डी.साठी मी घेतलेला विषय ऐकून प्राचार्यांनी मला आधी पाणी दिलं. विषय असा होता. मोहरीएवढ्या गोळीत हायड्रोजनची जड भावंडं भरायची, चहूबाजूंनी लेसरचा मारा करून ती गोळी दाबायची, इतकी दाबायची की क्षणभर तिच्या पोटात सूर्याच्या पोटातल्यासारखी आग व्हावी आणि अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा बाहेर पडावी. जगभर मोठमोठ्या प्रयोगशाळा यापायी घाम गाळत होत्या. अडचण ही की उष्णता थांबत नाही. गोळी पुरती तापायच्या आतच इलेक्ट्रॉन ती घेऊन बाहेर पळतात. काही जणांनी सुचवलं होतं की गोळीत आधीच जोरदार चुंबकीय क्षेत्र भरून ठेवावं, म्हणजे इलेक्ट्रॉन त्याच्या रेषांभोवती गिरक्या घेत अडकतील आणि उष्णतेचा पळ मंदावेल. माझ्या वाट्याला यातला कणभर तुकडा आला होता. गोळी वगैरे काही नाही. लेसर एका पातळ पत्र्यावर पडला की तापलेला वायू उडतो, तो चुंबकात किती वेळ धरून ठेवता येतो, एवढंच मला मोजायचं होतं.

लेसर परराज्यातल्या एका प्रयोगशाळेत होता. माझे मार्गदर्शक सरही तिथेच होते. त्यांनी मला चार जुने कंडेन्सर देऊन टाकले आणि सांगितलं की चुंबकाची कॉइल तिकडेच बनव, तिकडेच तपास, तयार झाली की लेसरवर चार दिवस मिळतील. पंख्याला किंवा मोटारीला असतो तोच कंडेन्सर, फक्त हे रॉकेलच्या डब्याएवढे होते, तेल भरलेले, वर चिनी मातीच्या दोन-दोन माना. त्यांत हळूहळू वीज साठवायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चौघांतली वीज एकदम कॉइलमध्ये सोडायची. कॉलेजच्या मागच्या बाजूला, मोडक्या बाकांच्या खोलीत, मी त्या पेट्या मांडल्या.

माझ्या पहिल्या तीन कॉइली फुटल्या. चुंबक जेवढं जोरदार, तेवढं ते स्वतःच्याच वेटोळ्याला बाहेर ढकलतं. तिसरीचा तुकडा फळ्यात रुतून बसला. मी तो तिथेच राहू दिला आणि चाचांकडे गेले.

चाचा आले, रुतलेला तुकडा त्यांनी बोटानं चाचपला. "कोनावर रागावल्ती ही?" ते म्हणाले. मग खाली बसून त्यांनी सगळं विचारून घेतलं, कशाला पाहिजे, किती जोर पाहिजे, आत काय ठेवणार. इलेक्ट्रॉनच्या गिरक्या मी त्यांना तेलघाण्याच्या बैलावरून सांगितल्या. बैल दिवसभर चालतो आणि घाण्याभोवतीच राहतो. त्यांना ते लगेच पटलं.

"म्हंजी गरमीला दावं बांधायचं."

"तसंच."

"बांधू की."

जाड तारेचे मोजके वेढे, त्यांवर सुती फीत ताणून, मग वार्निश, मग ऊन, पुन्हा फीत, पुन्हा वार्निश. एप्रिल महिना होता. कॉलेजच्या गच्चीवर ती अंगठ्याएवढ्या पोकळीची कॉइल आठवडाभर वाळत पडली होती. सरांच्या प्रयोगशाळेत असलं काही कोणी केलं नसतं, वार्निशचा वास घेऊनच ते लोक मागे सरकले असते. पण पहिल्या झटक्याला चाचांची कॉइल फुटली नाही. दहाव्यालाही नाही. मी त्यांना पेढे दिले.

ते त्या खोलीत खूश मात्र नव्हते. दारातच थबकायचे.

"म्याडम, मोटारीत करंट असला की ती घुमती. खांबावरची डीपी घुमती. ह्ये डबे बिलकुल गप हायेत. मला ह्यांचा भरोसा वाटत न्हाई."

"चाचा, जन्मभर करंटात हात घालताय आणि आता डब्यांना घाबरता?"

ते हसले. मला वाटलं, मी फार मजेशीर बोलले.

एकदा सकाळी खोली उघडली तर दुसऱ्या पेटीच्या दोन मानांवर आडवी पडून एक पाल मेलेली होती. अंगावर कुठे काही नाही, नुसती सुकल्यासारखी. पेट्या आदल्या दिवशी मी रिकाम्या केल्या होत्या. रिकाम्या केल्यावरही तेलाकागदात मुरलेली वीज रात्रीतून हळूच वर येते, हे मी वाचलेलं होतं. त्या दिवशी बघितलं. त्यानंतर आठवडाभरानं झटका देताना टेबलावर विसरलेला एक खिळा उडाला आणि लाकडी कपाटात डोक्यापर्यंत गेला. माझ्या कोपरापासून तो वीतभर अंतरावरून गेला होता. मी तो पक्कडीनं काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही. मनात काहीतरी बारीक टोचत राहिलं आणि मी ते झटकून टाकलं. लेसरचे चार दिवस ठरले होते.

सरांनी पहिल्या दिवशीच एक नियम शिकवला होता. काम संपलं की आधी एकेका पेटीवर अर्थिंगची काठी टेकवून तिच्यातली वीज काढायची, आणि मग प्रत्येक पेटीच्या दोन मानांना एकेक जाड उघडी तार बांधून ठेवायची. चार पेट्या, चार तारा. तारा बांधल्या असतील तरच हात लावायचा. पाल मेली त्या दिवशी चार तारांतली दुसरी सैल पडून खाली आलेली होती, एवढंच. हा नियम मी चाचांना स्वतः सांगितला होता, दोनदा.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नव्हती. मोटारवाल्यांची कंडेन्सर तपासायची एक पद्धत असते. आधी दोन टोकांवर पेचकस आडवा टेकवून उरलीसुरली वीज काढायची, मग त्याला क्षणभर लाइन दाखवायची आणि पुन्हा पेचकस टेकवायचा. चट्ट आवाज आला की कंडेन्सर जिवंत. जालन्यातला कुठलाही मिस्त्री हेच करतो. मोटारीच्या कंडेन्सरला ते चालूनही जातं. आमच्या पेट्यांना ते चालणार नव्हतं. लहानपणापासून चाचांना मी हे शंभर वेळा करताना बघितलं होतं आणि तरी बोलले नाही. मनात म्हटलं, तारा बांधलेल्या असतातच की.

सामान न्यायला टेंपो दुपारी चारला येणार होता. तीन वाजता लाइट जाणार होती, त्या महिन्यात रोज तीनलाच जायची. सकाळी मी चारही तारा सोडल्या, टेबलावर चहाच्या ग्लासाजवळ ठेवल्या आणि शेवटची चाचणी घेतली. चुंबकाचा आकडा कमी आला. किती कमी? चारांतली एक पेटी बाद झाली तर जेवढा यावा, बरोबर तेवढा. मी गणित केलं, दोन मिनिटांत उत्तर आलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. चौथी पेटी सगळ्यांत जुनी होती, तिच्यातून तेलही पाझरायचं. चौथी मेली, असं मी ठरवून टाकलं.

अर्थिंगची काठी मी चौघांना जोडणाऱ्या पट्टीवर टेकवली. काही आवाज झाला नाही. मग चाचांना निरोप धाडला.

ते आले तेव्हा अडीच वाजून गेले होते. खांद्यावर पिशवी, कपाळाला घाम.

"चौथा गेलाय, चाचा. जल्दी बघा, दुरुस्त होत असेल तर ठीक, नाहीतर तिघांवरच भागवते. तीनला लाइट जातेय."

ते पेट्यांजवळ जाऊन उकिडवे बसले. बघत राहिले. हात लावेनात. मला आठवतं, त्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे, माझ्या टेबलाकडे बघितलं.

"करंट काढला ना, म्याडम?"

"काढलाय."

"ह्याचा बी?"

"अहो, तो मेलेलाच आहे. बराबर आहे सगळं, लावा हात."

त्यांनी पेचकस काढला आणि सवयीनं चौथ्या पेटीच्या दोन मानांवर आडवा टेकवला.

आवाज असा झाला की पुढचा काही वेळ मला दुसरं काहीच ऐकू आलं नाही. पांढरा उजेड, आणि मग डोळ्यांपुढे त्याच उजेडाचा काळा डाग. डाग सरला तेव्हा चाचा भिंतीला टेकून बसले होते आणि उजवा हात डाव्यात धरून त्याच्याकडे बघत होते. ओरडत नव्हते. पेचकसाचं पातं अर्ध्यातून गेलं होतं, वितळलेलं पोलाद आणि तांबं त्यांच्या बोटांवर उडालं होतं. जळाल्याचा वास होता, आणि तो मोटारीच्या तारेचा नव्हता.

चौथी पेटी मेली नव्हती. तिला जोडणारी पट्टी सकाळच्या झटक्याला, वर गुंडाळलेल्या फितीच्या आत, तडकली होती. त्यामुळे तिची वीज कॉइलमध्ये गेलीच नाही, आणि मी काठी टेकवली तेव्हाही निघाली नाही. ती पेटी सकाळपासून पूर्ण भरलेली तशीच बसून होती. आकडा मला हेच सांगत होता. पेटी मेली तरी आकडा तेवढाच येतो आणि पेटी तुटून वेगळी पडली तरी तेवढाच येतो. दोन्हींतलं कुठलं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत असल्यासारखी बोलले. चौथीवर काठी वेगळी टेकवून तार बांधायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

चाचा वाचले. पेचकसाच्या लाकडी मुठीनं वाचवलं, असं डॉक्टर म्हणाले. पहिलं बोट मधल्या पेरापासून काढावं लागलं. अंगठा राहिला, पण त्याच्या टोकाला काही कळेनासं झालं.

प्राचार्य चौकशीला दवाखान्यात आले. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. चाची डोक्याशी बसून दुपट्ट्याच्या टोकानं वारा घालत होत्या. प्राचार्यांनी विचारलं, नेमकं काय झालं? मी तोंड उघडणार, एवढ्यात चाचा म्हणाले, "माझीच चूक, साहेब. म्याडमनं सांगितल्तं, तारा बांधल्याबिगर हात लावायचा न्हाई. मी न इचारता पेचकस लावला."

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचा अर्थ ते काय लावतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. चौकशीचा कागद तसाच लिहिला गेला.

पुढच्या आठवड्यात मी तीन पेट्या आणि चाचांची कॉइल घेऊन गेले. लेसरवर चारही दिवस कॉइल टिकली. तापलेला वायू चुंबकात थोडा जास्त वेळ थांबला, फार नाही, पण मोजता येईल इतका. सर खूश झाले. मला पदवी मिळाली. प्रबंधाच्या सुरुवातीला आभार असतात, तिथे मी 'स्थानिक कारागिरांचे' असं छापलं. त्या शब्दांची लाज मला तेव्हा वाटली नाही, पुढे वाटायला लागली आणि अजून वाटते.

त्यानंतर पाच-सहा वर्षं मी त्या गल्लीनं गेले नाही. बाजाराला जाताना लांबचा रस्ता धरायची. कोणी विचारलं तर सांगायची, इकडून गर्दी कमी असते. वर्गात कंडेन्सरचा धडा आला की मुलांना मी नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायची आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची.

मग वडिलांची मोटार जळाली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. वडील थकले होते, त्यांनी फोन केला, "मोटार जीपमध्ये टाकून देतो. चाचाकडंच ने. दुसऱ्या कोनाकडं न्हाई." मी म्हटलं, आता एमआयडीसीकडे नवी दुकानं झालीत. ते काही ऐकेनात. त्यांना यातला माझा वाटा माहीत नव्हता. मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

दुकान तिथेच होतं. चाचा पिकले होते. ते एका स्टुलावर बसले होते आणि समोर चाची बसून मोटार भरत होत्या. दुपट्टा कमरेला खोचलेला, डोळे मिटलेले, आणि तार त्यांच्या अंगठ्यातून आणि बोटातून सरकत होती. चाचा डाव्या हातानं रीळ सोडत होते, तोंडानं वेढे मोजत होते. चाची थांबल्या. म्हणाल्या, "इथं." चाचांनी तेवढा तुकडा कापला.

"आवो म्याडम," ते म्हणाले. "बसा. घनसावंगीची मोटार ना? वळखली मी."

मी बसले. चहा आला. चहाचा ग्लास खाली ठेवला आणि एकदम बोलायला लागले. तारा मी बांधल्या नव्हत्या, चौथा मेलाय असं उगीच ठरवलं होतं, आकड्याचा अर्थ चुकीचा लावला होता, दवाखान्यात गप्प बसले होते. सगळं सांगितलं. सांगताना रडले. चाचींनी काम थांबवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

चाचांनी रीळ खाली ठेवलं.

"तारा तुमच्या टेबलावर व्हत्या," ते म्हणाले. "चहाच्या गिलासाजवळ. चारी. मी खाली बसल्तो ना, तवाच वळून बघितल्या."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तुम्ही बघितलं होतं?"

"बघितल्तं."

"मग पेचकस का लावला, चाचा?"

त्यांना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं असावं. अर्ध्या बोटाचा हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला आणि मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "तुम्हाला इचारलं की. तुम्ही म्हनल्या, बराबर हाय. मंग मी म्हनलं, म्याडम इतकी शिकलीय, मलाच कायतरी कळंना झालंय."

चाचींनी पुन्हा डोळे मिटले आणि वडिलांच्या मोटारीची तार बोटांत धरली. चाचा मोजायला लागले.